फलकावरचा भाव आणि गल्ल्यावरचा भाव

गोंडपिपरीला एसटी थांबते तेव्हा तिच्यातून उतरणारा माणूस सहसा चैनीसाठी उतरलेला नसतो. कोणाला तहसील कार्यालयातून दाखला हवा असतो, कोणाची पंचायत समितीत तिसरी फेरी असते, कोणाच्या कडेवर तापाने फणफणलेले मूल असते, तर कोणाला अजून आष्टी ओलांडून आलापल्ली-अहेरीपर्यंत जायचे असते. गावाला रेल्वे नाही; एसटी हाच आधार. पहाटे घर सोडलेला हा माणूस दहा-अकराच्या सुमारास भुकेने समोरच्या हॉटेलात शिरतो. भिंतीवर भावफलक टांगलेला असतो. फलक वाचून आणि खिशातील पैशांशी ताळा घालून तो तर्री-पोह्यांची एक प्लेट मागवतो. खाऊन झाल्यावर गल्ल्यावर सांगितला जाणारा आकडा मात्र फलकावरचा नसतो. ‘फलक जुना आहे’, ‘तर्रीचे वेगळे’, ‘बाटली थंड करण्याचे पाच रुपये’, ‘सुटे नाहीत’, ‘पार्सलचे जास्त’ अशी कारणे अनेक असतात. परिणाम एकच असतो. बाहेर वाहक घंटी देतो. वाद घालायला वेळ नसतो. माणूस पैसे टाकतो आणि गाडीत जाऊन बसतो.

अशा प्रसंगाची नोंद कोठेही होत नाही. पाच-दहा रुपयांसाठी कोणी पोलिसांत जात नाही, वर्तमानपत्राला त्यात बातमी दिसत नाही आणि विधानसभेत त्यावर लक्षवेधी सूचना येत नाही. सुशिक्षित मध्यमवर्ग तर ‘एवढ्यातेवढ्यासाठी काय भांडायचे’ असे म्हणून स्वतःच्या औदार्यावर खूश होतो. परंतु हे औदार्य ज्याच्या खिशात पाचशेची नोट आहे त्याला परवडते. ज्याच्या खिशात परतीचे भाडे आणि वर तीस रुपये आहेत, त्याच्या दृष्टीने फलकावरील भाव हा दिवसाच्या अंदाजपत्रकाचा पाया असतो. तो पाया काढून घेण्याचा अधिकार हॉटेलमालकाला कोणी दिला, हा प्रश्न क्षुद्र नाही. बाजारात दुबळ्याला दिलेल्या शब्दाची किंमत किती, असा तो प्रश्न आहे.

दहा रुपयांचे मोजमाप

प्रथम दहा रुपये म्हणजे किती, हे नीट मोजले पाहिजे. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरवण्यात आला होता. आठ तासांचा दिवस धरला, तर दहा रुपये म्हणजे सुमारे पंधरा मिनिटांचे श्रम होतात. उन्हात माती उपसण्याची पंधरा मिनिटे गल्ल्यावर बसलेला माणूस एका वाक्यात काढून घेतो. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणाप्रमाणे ग्रामीण भारतात माणशी सरासरी मासिक खर्च ४,१२२ रुपये होता आणि त्यातील सुमारे ४७ टक्के खर्च अन्नावर होत होता. त्या अन्नखर्चातही पेये, तयार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा हिस्सा सर्वांत मोठा असून तो एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांच्या जवळ पोहोचला होता. म्हणजे बाहेरचे खाणे आता शहरी चैन राहिलेले नाही. कामासाठी, उपचारासाठी, कागदासाठी गावाबाहेर पडावे लागणाऱ्या ग्रामीण माणसाचा तो अपरिहार्य खर्च झाला आहे. उत्पन्न जितके कमी तितका अन्नावरील खर्चाचा हिस्सा मोठा, हा एंगेलचा नियम अर्थशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. त्याचा सरळ अर्थ असा, की अन्नाच्या भावातील प्रत्येक लबाडी गरिबावर बसवलेला कर असते. आणि हा कर वसूल करणाऱ्याला कोणत्याही कायदेमंडळाची मंजुरी लागत नाही.

आता दुसरी बाजू पाहावी. समजा, एका गाडीतील तीस प्रवाशांकडून प्रत्येकी पाच रुपये जादा घेतले गेले. अशा दहा गाड्या रोज थांबल्या, तर दिवसाचे दीड हजार आणि वर्षाचे ५ लाख ४७ हजार ५०० रुपये होतात. हे केवळ अंकगणित आहे, कोणा एका हॉटेलचा हिशेब नव्हे. परंतु व्यवहाराचे तत्त्व त्यातून स्पष्ट होते. घेणाऱ्याकडे साडेपाच लाख एकवटतात. देणाऱ्या प्रत्येकाचे पाच रुपये जातात. ज्याचा लाभ मोठा तो व्यवस्था टिकवण्यासाठी धडपडतो आणि ज्याचा तोटा लहान तो गप्प बसतो. मॅन्कर ऑल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये सामूहिक कृतीविषयीच्या आपल्या ग्रंथात हेच दाखवून दिले होते: विखुरलेले हितसंबंध आपोआप संघटित होत नाहीत. ते संघटित करावे लागतात. कार्यकर्त्याचे काम नेमके येथे सुरू होते.

स्पर्धा कोठे आहे?

बाजाराचे भक्त याला एक ठरीव उत्तर देतात. ‘जो हॉटेलवाला जास्त घेईल त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा जाणार नाही, स्पर्धाच त्याला सरळ करील.’ हे उत्तर गिऱ्हाईक पुन्हा येणार असेल आणि त्याला पर्याय असेल, तरच खरे ठरते. गावातला रोजचा गिऱ्हाईक फसवला जात नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याला खरा भाव माहीत असतो आणि त्याचे शब्द गावात फिरतात. फसवला जातो तो वाटसरू. एसटी ज्या हॉटेलपुढे थांबते तेथेच त्याला खावे लागते आणि पंधरा मिनिटांत खावे लागते. त्या पंधरा मिनिटांपुरती त्या हॉटेलाची निर्भेळ मक्तेदारी असते. दवाखान्यासमोरचे उपाहारगृह, न्यायालयाच्या आवारातील चहाची टपरी, यात्रेतील तंबू, चित्रपटगृहातील खाद्यविक्री यांचेही तसेच आहे. जेथे माणूस अडलेला आहे तेथेच फलक आणि गल्ला यांतील अंतर वाढते. अपूर्ण स्पर्धेच्या सिद्धान्तात जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये जे मांडले, त्याचे याहून साधे उदाहरण शोधून सापडणार नाही.

शिवाय स्पर्धेसाठी भाव आधी कळावा लागतो. खोटा फलक नेमकी तीच गोष्ट नष्ट करतो. प्रामाणिक हॉटेलवाला फलकावर पस्तीस रुपये लिहितो आणि पस्तीसच घेतो. शेजारचा तीस लिहितो आणि चाळीस घेतो. गिऱ्हाईक तीसच्या फलकाकडे वळतो. अशा बाजारात प्रामाणिक माणूस एक तर उपाशी मरतो किंवा शेजाऱ्याची विद्या शिकतो. म्हणून खऱ्या फलकाची मागणी ही लहान व्यापाऱ्याच्या विरोधातील मागणी नाही. सचोटीने धंदा करणाऱ्या लहान व्यापाऱ्याचे संरक्षण तिच्यातच आहे.

हॉटेलमालकांची तक्रारही ऐकून घेतली पाहिजे. व्यावसायिक गॅस सिलिंडर, तेल, डाळ, कांदा यांचे भाव वरचेवर बदलतात. फलक दर आठवड्याला रंगवायचा काय, असे ते विचारतात. महागाई खरी आहे आणि तिची झळ त्यांनाही बसते. परंतु फलक खडूनेही लिहिता येतो. भाव वाढवायला त्यांना कोणी मनाई केलेली नाही. पोहे पन्नास रुपयांना विकायचे असतील तर पन्नास लिहावेत. ज्याला परवडेल तो खाईल, ज्याला नाही तो घरची भाकर सोडेल. आक्षेप महाग भावाला नाही, खोट्या भावाला आहे. तीस रुपये लिहून माणसाला आत घ्यायचे आणि घास पोटात गेल्यावर, म्हणजे माल परत करणे अशक्य झाल्यावर चाळीस मागायचे, याला व्यापार म्हणत नाहीत.

सरकारी दराचीही तीच गत

जेथे भाव मालकाने नव्हे, तर सार्वजनिक संस्थेने ठरवलेला असतो तेथे तरी परिस्थिती बरी असावी, अशी अपेक्षा असते. ती फोल ठरते. राज्य परिवहन महामंडळाने महामार्गावरील अधिकृत हॉटेलथांब्यांवर तिकीट दाखवणाऱ्या प्रवाशाला ३० रुपयांत चहा आणि नाश्ता देण्याची योजना आखली. किती प्रवाशांना ती माहीत आहे? किती हॉटेलांत तिचा फलक दर्शनी जागी दिसतो? महामंडळाने २०२१ मध्ये ‘नाथजल’ या नावाने बाटलीबंद पाणी आणले आणि लिटरच्या बाटलीची किंमत १५ रुपये ठेवली. बसस्थानकांवर तीच बाटली २० रुपयांना विकली जात असल्याच्या तक्रारी झाल्या. रेल्वेने २२ सप्टेंबर २०२५ पासून ‘रेल नीर’च्या लिटरच्या बाटलीचा दर १५ वरून १४ रुपये केला. बल्लारशाहच्या फलाटावर उकाड्यात उभा असलेला प्रवासी विक्रेत्याकडून एक रुपया परत मागील, आणि तो त्याला मिळेल, हे मानायला फार मोठी श्रद्धा हवी. ‘बिल नाही तर पैसे नाहीत’ असे धोरण रेल्वेने २०१९ मध्ये जाहीर केले होते. धोरण जाहीर करणे सोपे असते; फलाटावर बिल देणारे यंत्र आणि ते मागण्याची हिंमत असलेला प्रवासी ही निर्माण करावी लागणारी गोष्ट आहे.

यातील विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. राज्याने २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा मोफत प्रवास दिला आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना निम्मे भाडे लागू केले. या सवलती स्वागतार्ह होत्या. मग २५ जानेवारी २०२५ पासून भाडे सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. तिकिटात वाचलेले पैसे वाटेतल्या थांब्यावर हॉटेलमालकाने काढून घ्यायचे असतील, तर सार्वजनिक तिजोरीतील सवलत अखेर कोणाच्या गल्ल्यात जमा होते? कोठे थांबायचे, हे प्रवासी ठरवत नाही. थांब्याचा परवाना महामंडळ देते आणि त्याचा मोबदला घेते. तेव्हा त्या थांब्यावरील लुबाडणुकीची जबाबदारीही महामंडळाची आहे. चालक-वाहकांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. करार त्यांनी केलेला नाही.

कायदा श्रीमंतांच्या टेबलावरून उतरतो

वरच्या थरात हीच लबाडी सभ्य नावाने चालते. तिला ‘सेवाशुल्क’ म्हणतात. मोठ्या शहरांतील उपाहारगृहे बिलाच्या खाली पाच, दहा टक्के स्वतःच जोडतात आणि त्यावर वस्तू व सेवा करही आकारतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून असे शुल्क आपोआप जोडण्यास आणि दुसऱ्या नावाने वसूल करण्यास मनाई केली. हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने २८ मार्च २०२५ रोजी त्यांच्या याचिका फेटाळल्या, तत्त्वे वैध ठरवली आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्च लावला. यात अडीच वर्षांहून अधिक काळ गेला. तेवढ्या काळात देशभर किती बिले फाडली गेली, याचा हिशेब कोण देणार?

सेवाशुल्काच्या समर्थनार्थ कामगारांचे नाव पुढे केले जाते: ‘हे पैसे वाढप्यांना मिळतात.’ समाजवादी कार्यकर्त्याने या युक्तिवादाला विशेष सावधपणे तोंड दिले पाहिजे, कारण तो त्याच्याच भाषेत बोलतो. कामगाराचे वेतन ही मालकाची देणी आहे. ती गिऱ्हाइकाच्या खिशातून, भावफलकाच्या बाहेर वसूल करायची आणि त्याला कामगारप्रेम म्हणायचे, हा मालकवर्गाचा जुना डाव आहे. ज्या ब्रिटनमध्ये सेवाशुल्काची परंपरा रुजलेली आहे तेथे ते पैसे मालकांनी कामगारांना पूर्ण द्यावेत, यासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तो ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. मालक आपखुशीने देत असते, तर कायद्याची गरज पडली नसती. फ्रान्सने १९८७ पासून दुसरा मार्ग स्वीकारला: उपाहारगृहाच्या भावपत्रकात लिहिलेल्या किमतीत सेवा धरलेलीच असली पाहिजे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून छुप्या शुल्कांना बंदी घालणारा कायदा आला, तेव्हा उपाहारगृहवाल्यांनी ऐनवेळी वेगळा कायदा करवून घेऊन स्वतःची सुटका करून घेतली. संघटित धंदा कोठेही सारखाच वागतो.

बाटलीबंद पाण्याचे प्रकरण अधिक बोलके आहे. वेष्टणावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त घेणे हा दुकानदाराच्या बाबतीत अपराध आहे. वैधमापन अधिकारी त्याच्यावर कारवाई करू शकतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी असा निर्णय दिला, की हॉटेलात बसलेल्या गिऱ्हाइकाला दिलेले पाणी ही केवळ वस्तूची विक्री नसून संमिश्र सेवा असते. गिऱ्हाईक तेथील वातावरणाचाही उपभोग घेतो. म्हणून छापील किमतीचे बंधन तेथे लागू नाही. न्यायालयापुढे तारांकित हॉटेलांचे चित्र होते. ते चित्र मान्य केले तरी दोन प्रश्न उरतात. वातावरणाचे दाम पाण्याच्या बाटलीत घेतले, तर त्याच सेवेसाठी बिलाखाली पुन्हा सेवाशुल्क कसले? आणि ज्या हॉटेलाला वर पत्रा व खाली शेणाने सारवलेली जमीन आहे, जेथे पंख्याखाली बसायला जागा नाही, तेथे गिऱ्हाईक कोणत्या वातावरणाचा उपभोग घेतो? एसटीच्या खिडकीतून बाटली हातात देणारा सेवा देतो की माल विकतो? श्रीमंतांच्या टेबलासाठी मिळवलेली सूट टपरीपर्यंत झिरपते आणि तेथे ती अडलेल्या माणसाची तहान विकते. सुविधा खाली झिरपत नाहीत; सवलतींचा गैरवापर मात्र बरोबर झिरपतो.

कराचीही अशीच ढाल केली जाते. ‘जीएसटीमुळे वाढले’ हे वाक्य आता तालुक्याच्या हॉटेलातही ऐकू येते. कायदा काय सांगतो, हे कार्यकर्त्याने पाठ करावे. ज्या उपाहारगृहाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणी केलेली नाही, त्याला कर गोळा करण्याचा अधिकारच नाही. ज्याने आपसमेळ योजना, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ‘कंपोझिशन’ योजना घेतली आहे, त्याने कर स्वतःच्या उलाढालीतून भरायचा आहे. गिऱ्हाइकाकडून तो वेगळा घेता येत नाही आणि तसा फलक दुकानात लावणे त्याच्यावर बंधनकारक आहे. नेहमीच्या पद्धतीने नोंदणी केलेले उपाहारगृह पाच टक्के कर लावू शकते, पण त्यासाठी बिलावर नोंदणी क्रमांक असावा लागतो. गोंडपिपरीसारख्या गावात पहिल्या दोन वर्गांतलीच हॉटेले अधिक असणार. क्रमांक नसलेल्या बिलावर किंवा बिलाशिवाय ‘जीएसटी’ मागितला जात असेल, तर तो कर नव्हे. तो सरकारच्या नावावर खपवलेला नफा आहे.

सत्तर पाने मोजणारा हात

या जिल्ह्यांचा इतिहास ध्यानात घेतला तर प्रश्नाची खोली कळते. गोंडपिपरीच्या पूर्वेला वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा सुरू होतो. १९८२ पर्यंत तो चंद्रपूरचाच भाग होता. दक्षिणेला वर्धा नदीपलीकडे तेलंगण आहे. या पट्ट्यात मराठी बोलणाऱ्याच्या शेजारी गोंडी, माडिया आणि तेलुगू बोलणारा बसतो. फलकावरील अक्षरे सर्वांनाच वाचता येतात असे नाही. जंगलपट्ट्यातील आदिवासीचा बाजाराशी पहिला परिचय झाला तोच व्यापाऱ्याच्या तोंडी भावातून आणि खोट्या मापातून. मिठाच्या बदल्यात चारोळी नेणारा व्यापारी, धानाच्या मापात अंगठा घालणारा अडत्या, तेंदूपत्त्याचे पुडे ‘खराब’ म्हणून बाजूला टाकून नंतर गोणीत भरणारा ठेकेदाराचा माणूस, ही सारी एकाच कुळातली. तेंदूच्या हंगामात बाई पहाटे जंगलात जाते, पाने खुडते, घरी बसून सत्तर पानांचा एक पुडा बांधते आणि शंभर पुड्यांचा शेकडा करून फळीवर नेते. एक पान कमी पडले तर तिला बोल लावला जातो. सत्तर पाने बिनचूक मोजणाऱ्या त्या बाईला बाजाराच्या दिवशी हॉटेलात दहा रुपये जास्त द्यावे लागतात आणि त्याचे मोजमाप कोणी मागत नाही. मोजणीची शिस्त विकणाऱ्या गरिबाला आणि मोजणीची सूट घेणाऱ्या धनिकाला, हा या बाजाराचा अलिखित नियम आहे. भावफलकाचा आग्रह म्हणजे तो नियम उलटवण्याचा आग्रह होय.

गल्ल्यावर बसलेल्या मालकाइतकाच टेबल पुसणारा पोऱ्याही येथे विसरता कामा नये. वाढलेला भाव गिऱ्हाइकाला सांगण्याचे काम पुष्कळदा त्यालाच करावे लागते, शिव्याही तोच खातो. हॉटेले आणि धाबे यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. तरीही बशा विसळणारे हात कोवळे दिसले, तर कार्यकर्त्याने ते पाहिले पाहिजेत. गिऱ्हाइकाला फसवणारा मालक कामगाराला पूर्ण मजुरी देत असेल, ही शक्यता कमीच.

कायद्यातील हत्यार

महाराष्ट्राला या लढ्याची परंपरा आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये राममनोहर लोहियांनी लोकसभेत ‘तीन आणे की पंधरा आणे’ हा वाद उभा केला आणि सामान्य माणसाच्या रोजच्या खर्चाचा आकडा राजकारणाच्या मध्यभागी आणला. कारखान्यात तयार झालेल्या मालाची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक असू नये, ही ‘दाम बांधो’ची मागणी त्याच विचारातून आली. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले आणि अशा प्रयत्नांमधून १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा साकारला. २०१९ चा कायदा त्याच्या जागी आला व जुलै २०२० पासून अमलात आला.

या कायद्याने ‘तक्रार’ या शब्दाची व्याख्या करताना कायद्यान्वये लावलेल्या भावपत्रकापेक्षा किंवा दोन्ही पक्षांत ठरलेल्या किमतीपेक्षा अधिक रक्कम घेणे हे तक्रारीचे स्वतंत्र कारण मानले आहे. फलक वाचून माल मागवला, की भाव ठरला. गल्ल्यावर तो एकतर्फी बदलता येत नाही. विहित रीतीने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. ग्राहक जेथे राहतो वा काम करतो तेथील आयोगाकडेही दाद मागता येते.

मग अडचण कोठे आहे? आयोग चंद्रपूरला आहे आणि गोंडपिपरी तेथून पन्नासेक किलोमीटर. दहा रुपयांच्या तक्रारीसाठी माणसाने एका तारखेला एक दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचे भाडे गमवायचे. वैयक्तिक हक्क म्हणून दिलेला न्याय गरिबाच्या हाती येईपर्यंत त्याची किंमत मूळ नुकसानीच्या कितीतरी पट होते. म्हणून हा हक्क सामुदायिकपणे बजावला पाहिजे, आणि कायद्यातच त्याची सोय आहे. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार करता येते. नोंदलेल्या स्वयंसेवी ग्राहक संघटनेलाही तक्रार करता येते. शिवाय कलम १६ अन्वये ग्राहकवर्गाच्या हक्कांचा भंग झाल्याची तक्रार आली, तर जिल्हाधिकारी चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणाला अहवाल पाठवू शकतो. हे कलम किती जिल्ह्यांत वापरले जाते, हे विचारण्याची वेळ आली आहे.

काय करावे

कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या पातळीवर पुढील कामे हाती घ्यावीत. पहिले, बसस्थानक, ग्रामीण रुग्णालय, तहसील आणि बाजार यांच्या परिसरातील हॉटेलांचे भावफलक व प्रत्यक्ष भाव यांची महिनाभर नोंद ठेवावी. नोंदीत दिनांक, पदार्थ, लिहिलेला भाव आणि घेतलेला भाव एवढेच असावे. आरोपांचे विशेषण नको. दुसरे, त्या नोंदीच्या आधारे आधी हॉटेलमालकांशी बोलावे. त्यांच्यातील बहुतेक लहान माणसे आहेत. फलक दुरुस्त झाला तर प्रश्न संपला. फलक तपासण्याच्या नावाखाली टपरीवाल्याकडून वर्गणी उकळणारी टोळी निर्माण झाली, तर ती या कामाची सर्वांत मोठी शत्रू ठरेल, हे प्रत्येक शाखेने लक्षात ठेवावे. तिसरे, जे ऐकणार नाहीत त्यांच्याबाबत जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १६ खाली सामुदायिक तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक गावोगाव लिहावा.

चौथी मागणी महामंडळाकडे. अधिकृत थांब्याच्या परवान्यात फलकावरील भावाची अट असावी, तो फलक गाडीतून दिसेल एवढा मोठा असावा, त्यावर आगारप्रमुखाचा दूरध्वनी असावा आणि भंग झाल्यास परवाना रद्द व्हावा. पाचवी मागणी राज्य शासनाकडे. सीमाभागात फलकावरील आकडे ठळक असावेत आणि पदार्थांची नावे मराठीबरोबर गोंडी व तेलुगूतही असावीत. हॉटेल कामगारांच्या किमान वेतनाची आणि फलकाची तपासणी एकाच वेळी व्हावी. गिऱ्हाईक आणि कामगार यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा मालकांचा डाव त्यामुळे मोडेल.

सहावी गोष्ट रचनेची. अडलेल्या माणसाला पर्याय मिळाल्यावाचून मक्तेदारी मोडत नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि कामगाराचे जेवण व त्या बायकांची रोजी या दोन्ही गोष्टी सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्याचा मार्ग दाखवला. १९५७ पासून कॉफी बोर्डाच्या काढून टाकलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने सहकारी तत्त्वावर इंडियन कॉफी हाउसे चालवली. याउलट १९९५ मध्ये एक रुपयात सुरू झालेली झुणका-भाकर केंद्रे काही वर्षांतच बंद पडली. पुष्कळ ठिकाणी योजना गेली आणि जागा खासगी खाद्यविक्रीकडे राहिल्या. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत थाळी देणारी शिवभोजन योजना आली. तिचा धडा असा, की सरकारी अनुदानावर उभी असलेली थाळी अनुदान वेळेवर आले तरच टिकते. गोंडपिपरीच्या बसस्थानकावर आणि तहसीलच्या आवारात स्त्रियांच्या बचतगटाने चालवलेले एक उपाहारगृह असेल, तेथे फलकावर पस्तीस लिहिलेले असेल आणि पस्तीसच घेतले जात असतील, तर आसपासचे दहा फलक एका महिन्यात खरे होतील. शासनाने जागा, वीज आणि पाणी द्यावे. भाव आणि हिशेब गटाने जाहीर करावा.

हे सारे पाच-दहा रुपयांसाठी काय, असे विचारणारे भेटतील. त्यांना सांगावे, की लोकशाहीत माणसाचा विश्वास मोठ्या घोषणांनी बसत नाही. जे लिहिले आहे तेच घेतले जाते, जे सांगितले आहे तेच दिले जाते, हा अनुभव रोज आला तर तो बसतो. सातबाऱ्यावरचे क्षेत्र, रेशनच्या दुकानातले किलो, हजेरीपटावरचे दिवस आणि हॉटेलच्या फलकावरचा भाव या सगळ्या एकाच लढ्याच्या चौक्या आहेत. त्यांपैकी सर्वांत लहान चौकी सर्वांत आधी जिंकता येते. पुढच्या बाजाराच्या दिवशी प्रत्येक शाखेने वही आणि पेन्सिल घेऊन तेथून सुरुवात करावी.